बालसंगोपनाचे संदेश आणि शासनाची जबाबदारी

(पक्षकार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित पाठ)



अर्थसंकल्पातील बालकल्याणाच्या तरतुदींवर मी बोलावे, अशी संयोजकांची अपेक्षा होती. परंतु काल रात्री उद्याच्या ठरावांचे मसुदे हाती आले आणि त्यांतील एका मसुद्यापाशी मी अडखळलो. अंगणवाडीतील बालकांच्या पालकांना मोबाइलवरून जे शैक्षणिक संदेश पाठविले जातात, त्यांना पक्षाने सरसकट विरोध करावा, अशी त्यात शिफारस आहे. ठरावामागची चीड मला समजते. किंबहुना ती बव्हंशी रास्तच आहे. तरीही हा ठराव आहे त्या स्वरूपात संमत होऊ नये असे माझे मत आहे, आणि ते सविस्तर मांडण्याची अनुमती मी अध्यक्षांकडून मागून घेतली आहे. अर्थसंकल्पाचा विषय त्यातून सुटणार नाही. तो शेवटी आपणहून समोर येईल.

ही संदेशांची कल्पना मुळात आली कोठून? अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को शहराच्या सार्वजनिक शाळाखात्यातर्फे चालणाऱ्या बालवर्गांत २०१३-१४ या शैक्षणिक वर्षी एक प्रयोग झाला. स्टॅनफर्ड विद्यापीठातील बेंजामिन यॉर्क आणि सुझॅना लोब हे त्याचे कर्ते. चार वर्षांच्या आसपासच्या मुलांची ४४० कुटुंबे निवडण्यात आली आणि चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे त्यांचे दोन गट पाडण्यात आले. एका गटातील पालकांना आठ महिने, आठवड्यातून तीन वेळा लघुसंदेश जात असे. पहिल्या संदेशात एखादी माहिती, दुसऱ्यात त्या माहितीला धरून करावयाची एक छोटी कृती, आणि तिसऱ्यात प्रोत्साहनाचे चार शब्द व थोडी पुढची पायरी. कृती अगदी साध्या असत. मुलाच्या नावाचे पहिले अक्षर दुकानांच्या पाट्यांवर शोधावयास लावणे, एकाच ध्वनीने सुरू होणारे दोन शब्द उच्चारून दाखविणे, अशा. त्यासाठी पुस्तक विकत घ्यावे लागत नव्हते की वेगळा वेळ काढावा लागत नव्हता. दुसऱ्या गटाला शाळाप्रवेशासारख्या बाबींची अधूनमधून माहिती दिली जाई, एवढेच.

वर्षअखेरीस असे दिसले की, पहिल्या गटातील पालक घरी मुलांबरोबर अशा गोष्टी अधिक करू लागले होते, शिक्षिकेकडे मुलाविषयी अधिक विचारपूस करू लागले होते, आणि अक्षरओळख व ध्वनींची जाण यांसारख्या काही बाबतींत त्यांच्या मुलांची प्रगती ०.२१ ते ०.३४ प्रमाण विचलनाइतकी जास्त होती. ही संख्याशास्त्राची भाषा झाली. व्यवहारात सांगावयाचे तर, शंभर मुलांच्या रांगेत बरोबर मध्यावर उभे असलेले मूल साधारण आठ ते तेरा जागा पुढे सरकले. खर्च मात्र दर कुटुंबामागे वर्षाला एका डॉलरपेक्षाही कमी आला. पुढे याच मंडळींनी आठवड्याला एक, तीन आणि पाच अशा संख्येने संदेश पाठवून तुलना केली. तेव्हा एक फार थोडा पडतो आणि पाच फार होतात, तीनच गुणकारी ठरतात, असे आढळले.

या प्रयोगाचा आधार कोणत्या विचारात आहे हेही पाहिले पाहिजे. शिकागोचे अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर यांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले ते वर्तनवादी अर्थशास्त्रातील कार्यासाठी. माणसाला काय करावे हे ठाऊक असते, करावेसेही वाटते, तरी दिवसाच्या रगाड्यात ते राहून जाते. अशा वेळी योग्य क्षणी दिलेला हलकासा धक्का पुरतो, असे त्या विचाराचे सार आहे. मी पस्तीस वर्षे वर्गात ज्या विवेकी ग्राहकाविषयी बोलत आलो, तो आपली सर्व गणिते अचूक करणारा गृहस्थ संध्याकाळी सात वाजता कामावरून दमून परतलेल्या आईला कधी भेटलाच नव्हता. वर्तनवाद्यांनी तिची दखल घेतली, याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. त्यांनी तिचा थकवा पाहिला. तो थकवा येतो कोठून, हे मात्र त्यांनी विचारले नाही. आपला आणि त्यांचा मार्ग येथे वेगळा होतो.

अमेरिकेत हा प्रश्न न विचारण्याची परंपरा जुनी आहे. बेटी हार्ट आणि टॉड रिस्ली यांनी १९९५ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. गरीब घरातील मूल शाळेत येईपर्यंत संपन्न घरातील मुलापेक्षा तीन कोटी शब्द कमी ऐकते, असा त्यांच्या संशोधनाचा निष्कर्ष जगभर गाजला. मंत्र्यांच्या भाषणांत आणि देणगीदार संस्थांच्या अहवालांत हा आकडा ब्रह्मवाक्याप्रमाणे उद्धृत होत राहिला. परंतु तो किती घरांच्या पाहणीवर आधारलेला होता? एकूण ४२. आणि त्यांत सरकारी साहाय्यावर जगणारी कुटुंबे अवघी सहा! डग्लस स्पेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली निराळ्या वस्त्यांत पाहणी केली तेव्हा तेवढी तफावत त्यांना आढळली नाही. आजी, मावशी, मोठी भावंडे, शेजारीपाजारी यांचे बोलणे मोजले तर चित्र पालटते, असे त्यांनी दाखविले. आपल्या चाळींत आणि पाड्यांवर राहिलेल्या कोणालाही हे सांगण्यासाठी पाहणीची गरज पडली नसती. सांगावयाचा मुद्दा असा की, उणीव गरिबाच्या घरात आहे असे एकदा ठरले की उपायही त्याच्या घरातच शोधला जातो. त्याचे वेतन, त्याचे कामाचे तास, त्याच्या वस्तीतील शाळा यांकडे मग पाहावे लागत नाही.

त्या देशात १९७१ साली संसदेने सर्व थरांतील बालकांसाठी पाळणाघरे आणि बालवाड्या यांचे राष्ट्रव्यापी जाळे उभारण्याचा कायदा संमत केला होता. त्या वर्षीच्या डिसेंबरात अध्यक्ष निक्सन यांनी नकाराधिकार वापरून तो रद्द केला. पन्नास वर्षांनी, २०२१ साली, तीन-चार वर्षांच्या सर्व मुलांना मोफत बालशिक्षण देण्याची तरतूद असलेले विधेयक कनिष्ठ सभागृहात संमत झाले आणि सिनेटमध्ये अडकून पडले. ज्या राष्ट्राला बालवाडी परवडत नाही त्याला एका डॉलरचा संदेश आकर्षक वाटावा, यात नवल ते काय?

मग मी ठरावाला विरोध का करतो आहे? कारण सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रयोगातील एक गोष्ट त्याचे भाट आणि त्याचे टीकाकार दोघेही विसरतात. त्या ४४० कुटुंबांतील प्रत्येक मूल आधीच सार्वजनिक बालवर्गात जात होते. त्याला वर्ग होता, पगारी शिक्षिका होती. संदेश त्या शिक्षिकेच्या कामाला जोड म्हणून गेले. वर्ग नसता, शिक्षिका नसती आणि केवळ संदेश गेले असते तर काय घडले असते, याचे उत्तर त्या प्रयोगात नाही.

मात्र या प्रश्नाच्या जवळ जाणारे उत्तर आफ्रिकेतून मिळते. बोट्स्वानात २०२० साली महामारीने शाळा बंद पडल्या तेव्हा सुमारे साडेचार हजार कुटुंबांत एक प्रयोग झाला. मुले प्राथमिक शाळेतली होती, बालवाडीतली नव्हेत. एवढा फरक ध्यानात ठेवू. काही कुटुंबांना आठवड्याला गणिताचे संदेश गेले. काहींना संदेश आणि त्याबरोबर शिक्षकाचा पंधरा-वीस मिनिटांचा दूरध्वनी. ज्यांना दूरध्वनी आला त्यांची मुले स्पष्टपणे पुढे गेली. नुसत्या संदेशांचा म्हणावा तसा परिणाम दिसला नाही. पुढे हाच प्रयोग भारत, नेपाळ, केनिया, युगांडा आणि फिलिपाइन्स या देशांत झाला. तेथेही माणसाचा आवाजच कामास आला. आणि सरकारी शिक्षकांनी केलेले दूरध्वनी संस्थांच्या माणसांइतकेच परिणामकारक ठरले. सरकारी शिक्षकाला नालायक ठरवून सगळे काम खाजगी संस्थांकडे सोपविण्याची भाषा करणाऱ्यांनी हा निष्कर्ष सवडीने वाचावा.

त्याही आधीचे उदाहरण जमैकाचे आहे, आणि मला ते सर्वांत मोलाचे वाटते. किंग्स्टन शहराच्या गरीब वस्त्यांत १९८६-८७ साली सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर यांनी १२९ बालकांना अभ्यासात घेतले. कुपोषणाने वाढ खुंटलेली, नऊ महिने ते दोन वर्षे वयाची ही मुले. काही घरांत दोन वर्षे, आठवड्यातून एकदा, तासभर, आरोग्यसेविका जाऊन बसत. त्या घरात मिळणाऱ्या टाकाऊ वस्तूंची खेळणी करीत, आईला मुलाशी खेळावयास दाखवीत, बोलावयास लावीत. वीस वर्षांनी ही मुले शोधून काढली तेव्हा, ज्यांच्या घरी सेविका गेली होती त्यांची मिळकत तशाच इतर मुलांपेक्षा २५ टक्क्यांनी अधिक होती. नुसता पूरक आहार ज्यांना मिळाला त्यांच्या मिळकतीत असा फरक आढळला नाही. आहार नको, असा याचा अर्थ कोणी लावू नये. उपाशी मुलाला खेळ सुचत नाही. परंतु अंगणवाडी म्हणजे खिचडी वाटण्याचे केंद्र, अशी जी समजूत आपल्याकडे, आपल्या काही कार्यकर्त्यांतही, रुजली आहे ती तपासून पाहण्यास हे उदाहरण पुरेसे आहे.

वस्तुतः आपल्याला हे शिकण्यासाठी जमैकाला जाण्याचे कारणच नव्हते. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ त्याच वर्षी त्यांना जाऊन मिळाल्या. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी पालकांना उपदेश केला नाही. त्या वस्तीत गेल्या, कोणाच्या तरी अंगणात बसल्या, आणि जी मुले जमली त्यांना घेऊन खेळू लागल्या. अंगणवाडी हा शब्द त्या अंगणातून आला आहे. पुढे १९५७ साली काम कोसबाडला गेले. तेथे वारली समाजातील मोठी मुलगी शाळेत येत नाही ती धाकट्या भावाला सांभाळावे लागते म्हणून, हे त्यांनी ओळखले आणि पाळणाघर, बालवाडी व शाळा एका आवारात आणून विकासवाडी उभी केली. आईचा वेळ, मुलीचा वेळ, घरातील कामाची वाटणी यांचा विचार त्या रचनेतच होता. पुण्यामुंबईतील कोणत्याही अर्थशास्त्र विभागाला तोवर हे सुचले नव्हते. माझ्या विभागाला तर नक्कीच नाही.

आता आपल्या घटनेकडे पाहा. मूळ अनुच्छेद ४५ मध्ये चौदा वर्षे वयापर्यंतच्या सर्व बालकांना दहा वर्षांत मोफत आणि सक्तीचे शिक्षण देण्याचे मार्गदर्शक तत्त्व होते. ‘चौदा वर्षांपर्यंत’ या शब्दांत तीन वर्षांचे मूलही येत होते. २००२ सालच्या ८६ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा मूलभूत हक्क झाला, पण तो सहा ते चौदा वयासाठी. सहा वर्षांखालील बालकांच्या वाट्याला शासन ‘प्रयत्न करील’ एवढे आश्वासन उरले. शिक्षणहक्काचे स्वागत करताना आपणही त्या वेळी या वजाबाकीकडे पुरेसे लक्ष दिले नाही, हे कबूल केले पाहिजे.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेली एकात्मिक बालविकास सेवा योजना हाच या वयाच्या मुलांचा आधार राहिला आहे. तिच्या सेविकेला आजही कर्मचारी म्हणत नाहीत. ती मानसेवी. तिला वेतन नसते, मानधन असते. त्यातील केंद्राचा पाया २०१८ साली दरमहा ४५०० रुपये ठरविण्यात आला. उपदान मिळण्याचा हक्क तिला आहे, हे वदवून घेण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या २५ एप्रिल २०२२ च्या निकालाची वाट पाहावी लागली. महाराष्ट्रातील सेविका आणि मदतनीस भगिनींनी ४ डिसेंबर २०२३ पासून पुकारलेला संप जानेवारीअखेरपर्यंत चालला, हे येथे बसलेल्या अनेकांना स्वानुभवाने ठाऊक आहे.

मोबाइलविषयीची चीड याच भगिनींच्या अनुभवातून आली आहे. सरकारने दिलेले निकृष्ट फोन त्यांनी ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभर परत केले, ते योग्यच केले. माहिती भरावयाचे ॲप इंग्रजीत, फोनची स्मृती तोकडी, आणि बिघाड झाला तर दुरुस्ती स्वतःच्या पदरच्या पैशाने. २०२५ साली तर घरी न्यावयाच्या शिध्यासाठी लाभार्थी मातेचा चेहरा फोनपुढे धरून ओळख पटविण्याची सक्ती आली. मुलांना गोष्ट सांगावयाच्या वेळात सेविका फोनवर चेहरे जुळवीत बसते. हा फोन तिच्यावर आणि मातांवर पहारा ठेवण्यासाठी आहे. या फोनला विरोध करणारे कलम ठरावात अवश्य असावे, आणि ते आहे त्याहून कडक असावे.

परंतु पहारा ठेवणारा फोन आणि आईला एक युक्ती सांगणारा संदेश या दोन वस्तू एकच आहेत काय?

एक प्रसंग सांगतो. आमच्या इमारतीत चार घरी स्वयंपाकाचे काम करणाऱ्या एक भगिनी आहेत. त्यांची मुलगी साडेतीन वर्षांची. एके दिवशी त्यांनी फोन माझ्यापुढे धरला आणि म्हणाल्या, “काका, हे काय आलंय ते जरा सांगा.” संदेश असा होता: बालकाच्या बोधात्मक विकासास चालना देण्यासाठी आपल्या पाल्याशी दररोज अर्थपूर्ण संवाद साधावा. सोबत एक चित्रफीत होती. ती उघडत नव्हती, कारण फोन नवऱ्याचा आणि त्यातले इंटरनेट त्या दिवसापुरते संपलेले. मी म्हणालो, मुलीशी रोज बोला, एवढाच याचा अर्थ. त्या हसल्या. “एवढंच ना? मग तसं सरळ लिहायचं की. पण काका, बोलू कधी? मी निघते तेव्हा ती झोपलेली असते, आणि परत जाते तेव्हा माझ्यात जीव नसतो.” थोड्या वेळाने त्यांनीच विचारले, “रात्री भाकऱ्या थापते तेव्हा ती शेजारी येऊन बसते. तेव्हा चालेल का बोललेलं?”

सॅन फ्रान्सिस्कोच्या त्या तीन संदेशांत जे होते ते नेमके हेच. रोजच्या कामातला एक क्षण, त्या क्षणी करता येईल अशी एक गोष्ट. पिठाचा गोळा मोठा की लहान, तव्यावर किती भाकऱ्या झाल्या, आज तुझ्या मैत्रिणीने काय केले. ही युक्ती त्या बाईंना कोणी शिकविली नाही; ती त्यांच्यापाशी होतीच. तिला कोणीतरी ‘हो, चालेल’ म्हणावयाचे राहिले होते. तो होकार त्यांना संदेशातून मिळाला नाही, कारण संदेश लिहिणाऱ्याने भाकरी थापणारी बाई कधी डोळ्यांपुढे आणलीच नसावी. अशा संदेशाला विरोध करावयाचा तर तो त्याच्या भाषेसाठी आणि त्यामागच्या बेपर्वाईसाठी करावा. आईला घरबसल्या काही कळविणे हा गुन्हा नव्हे. संपन्न घरातील आईवडील मासिके वाचतात, तज्ज्ञांना पैसे देऊन सल्ला घेतात. श्रमिक आईला तो सल्ला फुकट आणि समजेल अशा शब्दांत मिळू लागला, तर समाजवाद्यांनी त्याला आडवे जाण्याचे कारण मला दिसत नाही.

अर्थात, ‘फुकट’ हा शब्द मी उगाच वापरला. संदेशाचा खर्च एक डॉलर, हा हिशेब कोणी मांडला? दहा मिनिटे आईची धरली तर वर्षाला साठ तास होतात. त्या साठ तासांची किंमत हिशेबात शून्य धरली आहे, आणि ते तास ज्या दिवसातून काढावयाचे तो दिवस आधीच चौदा तासांच्या कामाने भरलेला आहे. २०१७ च्या प्रसूतिलाभ कायदादुरुस्तीने पन्नास किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक केले. चार घरी स्वयंपाक करणाऱ्या बाईचे आस्थापन कोणते? शिवाय २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार स्वतः वापरता येईल असा मोबाइल देशातील सुमारे ५४ टक्के स्त्रियांकडेच होता. म्हणजे निम्म्याच्या आसपास आयांसाठी संदेश नवऱ्याच्या खिशातच राहतो, किंवा पोहोचतच नाही. तेथे सेविकेच्या पायांना पर्याय नाही.

अर्थसंकल्पाशी या विषयाचा सांधा येथे जुळतो. उद्या अर्थखात्याचा एखादा अधिकारी सॅन फ्रान्सिस्कोचा आकडा पुढे करून म्हणेल की, दर कुटुंबामागे शंभर रुपयांत जर काम होते, तर सेविकांची रिक्त पदे भरावयाची कशाला? हा धोका काल्पनिक नाही. स्वस्त उपाय हाताशी आला की महाग हक्काची फाइल खाली जाते, हे मी शासकीय समित्यांवर बसून पाहिले आहे. त्या वेळी ‘आम्ही संदेशांच्या विरोधात आहोत’ हे उत्तर लंगडे पडेल. तो प्रयोग शिक्षिका असलेल्या शाळांत झाला होता आणि शिक्षिकेवाचून झालेला नव्हता, हे उत्तर त्याला द्यावे लागेल.

म्हणून माझी दुरुस्ती अशी आहे. ठरावातील पहिले कलम, पोषण आहारासाठी चेहरा-ओळखीची सक्ती रद्द करावी हे, तसेच राहावे. दुसऱ्या कलमातील ‘पालकांना पाठविण्यात येणारे सर्व संदेश तात्काळ बंद करावेत’ हे वाक्य वगळावे. त्याऐवजी असे लिहावे की, असे संदेश त्या त्या अंगणवाडीच्या सेविकेच्या संमतीने आणि तिच्या नावाने जावेत. ते स्थानिक बोलीत, साध्या लघुसंदेशाच्या रूपात असावेत, जेणेकरून साध्या फोनवर आणि इंटरनेटवाचून ते मिळतील. ज्या मातेकडे फोन नाही तिच्या घरी भेट देण्यासाठी सेविकेला स्वतंत्र वेळ आणि त्या वेळेचे स्वतंत्र वेतन मिळावे. आणि संदेशांवर झालेला खर्च सेविकांच्या पदांसाठीच्या तरतुदीतून कोणत्याही परिस्थितीत वळता करू नये. तिसऱ्या कलमात, सहा वर्षांखालील बालकांना शिक्षणहक्काच्या कक्षेत आणावे, ही मागणी नव्याने घालावी.

वारली, कोकणी, भिल्ल पाड्यांवर काम करणारे साथी येथे आहेत. संदेश कोणत्या बोलीत कसा लिहावा, यावर चर्चेत त्यांनी आधी बोलावे, अशी माझी अध्यक्षांना विनंती आहे.